मरणाऱ्या गावाचं तिकीट

इटलीच्या लात्सिओ प्रांतात, रोमच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर, चिविता दि बान्योरेजो नावाची एक वस्ती आहे. तिला वस्ती म्हणायचं तेही जरा उदारपणानेच, कारण बारा महिने तिथे मुक्काम असणारी माणसं जेमतेम दहा-बारा. पण वर्षाकाठी लाखो लोक येऊन हे गाव बघून जातात आणि त्यासाठी पैसे मोजतात. २०१३ साली दीड युरोपासून सुरू झालेलं हे तिकीट पुढे पाच युरोंवर गेलं. गावात पाऊल टाकायला तिकीट लावण्याची प्रथा इटलीत चिवितानेच पाडली. व्हेनिसला ते अमलात आणायला २०२४ उजाडलं.

बघण्यासारखं काय, असं विचाराल तर यादी फार मोठी नाही. एक वेस, एक चौक, एक चर्च, काही दगडी घरं आणि चहूबाजूंना दरी. गावाची खरी जाहिरात आहे त्याच्या टोपणनावात. बोनाव्हेन्तुरा तेक्की (१८९६–१९६८) हा इथलाच लेखक. त्याने चिविताला ‘मरणारं गाव’ म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की आज दिशादर्शक पाट्यांपासून पोस्टकार्डांपर्यंत तेच दिसतं. गाव दरड कोसळून मरतंय, कडे ढासळताहेत, उद्या असेल-नसेल, तेव्हा आजच बघून घ्या! हे सगळं खरंच आहे. पण माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. दरडींनी चिविताच्या कडा कुरतडल्या. गाव रिकामं केलं ते माणसांनी, आणि तेही पूर्ण विचारांती. मात्र तिथपर्यंत पोचायचं तर आधी जमिनीखाली काय आहे ते पाहायला हवं.

वीसेक लाख वर्षांपूर्वी या भागावर समुद्र होता. त्याच्या तळाशी बारीक गाळ साचत गेला आणि त्याची निळसर करडी चिकणमाती झाली. आजही दरीत उतरलं की या मातीत शिंपले सापडतात. पुढे समुद्र हटला आणि पश्चिमेला ज्वालामुखी जागे झाले. साधारण सहा लाख वर्षांपूर्वीपासून ते एक-सव्वा लाख वर्षांपूर्वीपर्यंत, मधे बराच काळ विसावा घेत, ते राख आणि तापलेले दगड ओकत राहिले. याच उद्रेकांत तिथली जमीन खचली आणि त्या खोलगटात पाणी भरून बोल्सेनाचं सरोवर तयार झालं. चिवितापासून ते दहाएक किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी १५१ मीटर पाणी. ज्वालामुखीतून बनलेल्या युरोपातल्या सरोवरांत ते सर्वांत मोठं मानलं जातं.

उडालेली राख चिकणमातीवर थरावर थर बसत गेली. त्यातला वरचा जाड थर तापलेल्या राखेच्या लोंढ्यांनी आला आणि चांगला घट्ट झाला. या राखेच्या खडकाला टफ म्हणतात. रंग पिवळसर तांबूस, वजनाला हलका, लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि तरी उभी भिंत धरून ठेवण्याइतका मजबूत. म्हणजे रचना अशी झाली की वर खडक आणि खाली माती. जगात सहसा उलटं असतं.

ही खालची माती गणपतीच्या शाडूच्या जातीची समजा. ओली असताना दाबाल तशी दबते, वाळली की भेगा पडतात. पावसाचं पाणी टफमधल्या फटींतून खाली झिरपतं, चिकणमातीशी येऊन अडतं आणि दोन थरांच्या सांध्यातून बाजूला बाहेर पडतं. म्हणजे खडकाचा पाया जिथे टेकलेला असतो नेमकी तीच जागा भिजत राहते. त्यात गावाच्या दोन्ही अंगांना दोन ओढे आहेत, एका बाजूला रिओ क्यारो आणि दुसऱ्या बाजूला रिओ तोर्बिदो. एकाचं नाव निवळ पाण्याचं, दुसऱ्याचं गढूळ पाण्याचं. दोघंही पुढे टायबर नदीच्या खोऱ्यात जातात. हे ओढे चिकणमातीचा पायथा कापत राहतात. पायथा कापला की मातीचा उतार घसरतो. उतार घसरला की टफच्या कड्याला खालून आणि बाजूने मिळणारा आधार जातो आणि कड्याला समांतर अशा उभ्या भेगा फाकू लागतात. मग एखाद्या हिवाळ्यात, बहुधा मोठ्या पावसानंतर, घराएवढा ठोकळा सुटून दरीत जातो. पडलेला ढिगारा तिथेच राहिला असता तर निदान पायथ्याला टेकू मिळाला असता. पण ओढे तोही वाहून नेतात आणि कापणं पुन्हा सुरू होतं.

थोडक्यात, दुबळा आहे तो खालचा थर, आणि फटका बसतो वरच्याला. आसपासच्या दरीत ज्या ठिकाणी वरचं टफचं टोपण कधीच निघून गेलं आहे, तिथे उघड्या मातीचं काय होतं ते स्पष्ट दिसतं. सुरीच्या पात्यासारख्या धारदार करड्या कडा, त्यांच्यामधे खोल घळी, गवताचं पातं नाही. इटालियनमधे या भूरूपाला कालांकी म्हणतात आणि चिविताच्या भोवतालची दरी त्याच नावाने ओळखली जाते.

आता प्रश्न असा की अशा जागी गाव वसवायचं कोणाच्या मनात आलं? एत्रुस्कन लोकांच्या. रोमचं साम्राज्य उभं राहण्याआधी मध्य इटलीवर त्यांचा अंमल होता आणि चिविता त्यांनीच सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलं. एत्रुस्कनांना टफ फार प्रिय होता. या पट्ट्यातली त्यांची बहुतेक गावं अशाच सपाट माथ्याच्या, उभ्या कड्यांच्या पठारांवर आहेत. चिविताहून जवळच असलेलं ओर्व्हिएतो हे त्यातलं मोठं आणि श्रीमंत भावंड. त्याच्याखालीही टफ आणि टफखाली चिकणमाती. अशा जागेचा हिशेब साधा होता. तिन्ही-चारही बाजूंनी कडा, म्हणजे तटबंदीचा निम्मा खर्च वाचला. राखेची जमीन द्राक्ष आणि ऑलिव्हला चांगली. आणि पायाखालचा दगड असा की घर बांधायला तो वर काढला की खाली आपोआप तळघर तयार. चिविताच्या घरांखाली अशी कोठारं पोखरलेली आहेत. उन्हाळ्यातही ती थंड राहतात, म्हणून वाईन तिथे, तेल तिथे. एका तळघरात ऑलिव्हचा घाणा आहे. त्याचं दगडी चाक गाढव फिरवत असे.

खडक पोखरण्याची एत्रुस्कनांची हौस तेवढ्यावर थांबली नाही. गावाच्या पोटातून दरीत उतरणारा एक बोगदा त्यांच्या काळचा मानला जातो. स्थानिक लोक त्याला बुकायोने म्हणतात. कड्याच्या अंगात कोरलेल्या खोल्या आहेत. त्यातल्या काही थडगी होत्या, काहींत भिंतभर छोटे कोनाडे आहेत, ते कबुतरं पाळण्यासाठी. एका थडग्याचं पुढे ख्रिस्ती देवळात रूपांतर झालं. पायी येणाऱ्यांसाठी गावाची एकच वेस आहे, सांता मारियाची, आणि तिचीही वाट खडक फोडूनच काढली आहे. मधल्या अडीच हजार वर्षांत रोमन आले, लोम्बार्ड आले, पोपचं राज्य आलं. पण गावातले मुख्य रस्ते अजून जुन्याच आखणीवर आहेत. चौकातल्या चर्चच्या जागी पूर्वी देऊळ होतं असं सांगतात आणि त्याच्यासमोर पुराण्या खांबांचे तुकडे अजून उभे आहेत.

मध्ययुगात चिविता हे दुर्लक्षित खेडं नव्हतं, हे इथे ठासून सांगायला हवं. ते बिशपचं ठाणं होतं, आणि बिशपचं ठाणं म्हणजे चर्च, न्यायनिवाडा, जमिनीचा वसूल, कारकून, बाजार असा सगळा पसारा. तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आगेमागे इथे ज्योव्हान्नी दि फिदान्त्सा नावाचा मुलगा जन्मला. त्याचे वडील वैद्य होते. लहानपणी तो मरणाच्या दारातून असिसीच्या संत फ्रान्सिसच्या कृपेने परत आला, अशी कथा आहे. मोठा होऊन तो बोनाव्हेन्तुरा झाला, पॅरिसमधे शिकला-शिकवला, १२५७ साली फ्रान्सिस्कन संघाचा प्रमुख झाला, संत फ्रान्सिसचं अधिकृत चरित्र त्याने लिहिलं आणि १२७४ साली लिओंच्या धर्मपरिषदेदरम्यान वारला. दान्तेने आपल्या महाकाव्यातल्या स्वर्गखंडात त्याच्या तोंडी भाषण घातलं आहे आणि त्यात बान्योरेजोचा उल्लेख आहे. या संताचं घर मात्र आज दाखवता येत नाही. ते दरीत गेलं. कड्याच्या काठावर ती जागा सांगणारी पाटी तेवढी आहे.

वेशीवर दोन दगडी सिंह आहेत, पंज्यांत माणसांची मुंडकी धरलेले. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की घराण्याने या भागावर बरीच दादागिरी केली होती. पंधराव्या शतकात गावकऱ्यांनी त्यांचा कायमचा बंदोबस्त केला आणि त्याची आठवण म्हणून हे सिंह, असं सांगतात. आज या वेशीतून आत शिरणारे लोक सिंहांचे फोटो काढतात आणि हे गाव एके काळी शेजारच्या बलाढ्य सरदारांना भारी पडलं होतं हे सहसा त्यांच्या लक्षात येत नाही.

आणि मग ११ जून १६९५. त्या दिवशीच्या भूकंपाने चिविताला मोठा तडाखा दिला. घरं पडली, वाटा तुटल्या. भूकंप या देशाला नवे नाहीत. इटलीतली कितीतरी गावं पडली आणि त्याच जागी पुन्हा उभी राहिली. चिविताचं वेगळं झालं, कारण पर्याय अगदी डोळ्यांसमोर होता. त्याच डोंगरधारेवर पश्चिमेला, जिथे टफचं पठार रुंद आहे, तिथे रोता नावाचं चिविताचंच उपनगर होतं. तिथे गाडीरस्ता जात होता, जागा ऐसपैस होती. बिशपने तिकडे मुक्काम हलवला. नगरपालिका गेली. रोतामधलं सान निकोलाचं चर्च मुख्य चर्च झालं आणि चिविताचं सान दोनातो मागे पडलं. बान्योरेजो हे नावसुद्धा गेलं: पूर्वी ज्याला उपनगर म्हणत ते बान्योरेजो झालं आणि मूळ गावाला नुसतं ‘चिविता’, म्हणजे जुनं गावठाण, एवढंच उरलं. संत बोनाव्हेन्तुराचा हात चांदीच्या आवरणात जपलेला आहे. तोही आज सान निकोलामधेच आहे.

मला इथे गावाच्या मरणाचा खरा दिनांक दिसतो. दरडी आधीही कोसळत होत्या. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या कागदपत्रांत त्यांच्या नोंदी आहेत, आणि तरी लोक राहत होते, डागडुजी करत होते, कडे सावरत होते, कारण कचेरी तिथे होती, बाजार तिथे होता, बिशप तिथे होता. कामधंदाच पलीकडे गेल्यावर कड्याची डागडुजी कोणी करायची आणि कोणाच्या पैशाने? जो तालेवार तो आधी गेला. मागे राहिले शेतकरी, ज्यांची जमीन खालच्या दरीत होती.

दोन गावांना जोडणारी धार मात्र पुढेही झिजत राहिली. तिच्यावरचं टफचं आवरण गेलं, उघडी चिकणमाती उरली, आणि पूर्वी जिथून गाढवं-गाड्या जात तिथे खिंड तयार झाली. म्हणून पूल बांधावा लागला. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बान्योरेजोच्या परिसरात दक्षिण आफ्रिकेचं चिलखती दल लढलं, आणि त्यातले कित्येक सैनिक बोल्सेनाच्या सरोवराकाठच्या युद्धस्मशानात आहेत. आज दिसतो तो काँक्रीटचा पादचारी पूल १९६५ सालचा. लांबी तीनेकशे मीटर, आणि गावाकडच्या टोकाला असा चढ की दम लागतो. चारचाकी जात नाही. सामानासाठी पूर्वी गाढवं होती, नंतर स्कूटर आणि तीनचाकी आपे आल्या. हो, तीच पियाज्योची आपे. तिचीच भावंडं आपल्याकडे बारामतीच्या कारखान्यात तयार होतात.

आता १९६५ सालचा तरुण डोळ्यांसमोर आणा. नळ, शाळा, दवाखाना, नोकरी सगळं पुलापलीकडे. इटलीत उद्योगांची भरभराट चाललेली, रोम आणि उत्तरेकडची शहरं माणसं मागताहेत. गॅसचा सिलिंडर चढावरून आणायचा तर आपल्याच खांद्यावर. अशा वेळी कडा कोसळायची वाट कोण बघत बसेल? गाव रिकामं झालं ते याच दशकांत, आणि इटलीतल्या शेकडो डोंगरी गावांसारखंच झालं. त्यांतल्या बहुतेकांच्या खाली चिकणमाती नव्हती.

रिकाम्या घरांकडे पहिलं लक्ष गेलं ते बाहेरच्यांचं. आस्त्रा झारिना ही लाटव्हियात जन्मलेली, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवणारी वास्तुशास्त्रज्ञ. तिने आणि तिच्या पतीने इथली पडकी घरं घेऊन जुन्या पद्धतीनेच दुरुस्त केली, आणि १९७० च्या दशकापासून ती विद्यार्थ्यांना इथे आणू लागली. मुलं इथे राहायची, भिंती मोजायची, नकाशे काढायची. घर, चौक आणि गल्ली यांचं एकमेकांशी काय नातं असतं हे वर्गात शिकवणं कठीण आणि इथे सोपं. त्या पायवाटेने रोमचे हौशी श्रीमंत आले, परदेशी आले, सुट्टीपुरती घरं झाली. कुलपं चांगल्या प्रतीची आली, छपरं शाकारली गेली. मतदारयादी मात्र वाढली नाही.

तिकीट आल्यावर जे झालं ते बान्योरेजोच्या नगरपालिकेलाही अपेक्षित नसावं. तिकिटाने गर्दी कमी होण्याऐवजी वाढली. तिकिटाआधी वर्षाला हजारोंच्या घरात असलेला आकडा लाखांत गेला. पैसे मागितले की वस्तू मोलाची वाटते, हे व्यापाऱ्याला ठाऊक असलेलं सत्य नगरपालिकेला उशिरा कळलं इतकंच. साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीच्या बान्योरेजोने तिकिटाच्या उत्पन्नावर स्थानिक कर माफ केले. खानावळी, खोल्या, बसगाड्या सुरू झाल्या. तिकीटविक्रीचा सगळा डोलारा उभा आहे तो गाव मरतंय या एका वाक्यावर, आणि म्हणून मनात एक कुजकट शंका येते: गाव उद्या पूर्ण सुरक्षित जाहीर झालं, तर रांग तेवढीच राहील का?

अर्थात तशी घोषणा करण्याची पाळी कोणावर येणार नाही. कड्यांवर काम चालू असतं, पण ते कायम चालूच राहणार आहे. सैल झालेले ठोकळे मागच्या खडकाशी जखडण्यासाठी पोलादी सळ्या आत खोल नेऊन पक्क्या करतात. कड्याचा दर्शनी भाग खराब होऊ नये म्हणून एक चतुर उपाय इथे वापरला गेला: काठापासून थोडं आत उभी विहीर खणायची आणि तिच्या पोटातून कड्याच्या दिशेने सळ्या पसरायच्या, म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही. ओढ्यांमधे छोटे बंधारे घालतात, जेणेकरून पाण्याचा वेग मोडेल आणि पायथा कमी कापला जाईल. उतारांवर झाडोरा राखतात. यातलं काहीही चिकणमातीचा स्वभाव बदलू शकत नाही. फक्त वेळ विकत घेता येतो, आणि वेळ महाग असतो. तिकिटाची बाजू घ्यायची झाली तर ती इथे घ्यावी. हे सगळं समजावून सांगणारं भूशास्त्र आणि दरडींचं एक संग्रहालय गावातल्या जुन्या अलेमान्नी वाड्यात आहे. बहुतेक पर्यटक ते टाळून थेट आइस्क्रीमकडे जातात. तसं करू नये. वेशीच्या आत एका वाड्याची नुसती दर्शनी भिंत उभी आहे, खिडक्यांतून मागे आभाळ दिसतं, आणि संग्रहालय पाहून आलेल्याला त्या खिडक्यांतून काय गेलं ते नेमकं समजतं.

वर्षातून काही दिवस चिविता पुन्हा गावासारखं वागतं. जूनच्या पहिल्या आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी चौकात गाढवांची शर्यत होते, तिला तोन्ना म्हणतात. चौक इतका लहान की गाढवांना गोल-गोलच पळावं लागतं, आणि गाढवं ती गाढवंच, निम्मी मधेच थांबतात. प्रेक्षक मुख्यतः पलीकडचे, ज्यांचे आजे-पणजे या गल्ल्यांतून उठून गेले ते.

दुसरा दिवस गुड फ्रायडेचा. सान दोनातोमधला ख्रिस्ताचा जुना लाकडी पुतळा क्रुसावरून उतरवतात आणि पूल ओलांडून बान्योरेजोच्या मिरवणुकीसाठी नेतात. लोकांत एक अट सांगितली जाते: मध्यरात्रीच्या आत तो चिवितात परतला पाहिजे, नाहीतर त्याच्यावर बान्योरेजोचा हक्क. बिशप, कचेरी, संताचा हात आणि गावाचं नाव पलीकडे देऊन बसलेल्या चिविताने निदान या बाबतीत हिशेब चोख ठेवला आहे. पुतळा अजून सान दोनातोमधेच आहे.